परदेशात शिकायला जायचंय? खान्देशातली पोरंपोरी नेहमी विचारतात ते प्रश्न

धुळे, नंदुरबार, जळगाव इकडून फोन येतात, रात्री साडेदहाला व्हॉइस नोट येते, 'दादा एक विचारायचं होतं', आणि विचारायचं असतं ते दर वेळी तेच, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून काढू. मी शिरपूर तालुक्यातल्या एका गावचा, घरातला पहिला ग्रॅज्युएट. एका सरकारी स्कॉलरशिपवर इंग्लंडला एक वर्षाचं मास्टर्स केलं आणि परत आलो. एजंट नाही, कोणाकडून पैसे घेत नाही, चहा पाजलात तर पितो.

आमच्या घरात बारावीच्या पुढं कोणी गेलं नाही, हे परदेशबिरदेश आपल्यासाठी आहे का?

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची अशी अटसुद्धा होती. म्हणजे स्कॉलरशिप आणि बाँड हे दोन्ही तेव्हापासून चालत आलंय. जयपाल सिंग मुंडा, मुंडा आदिवासी, ऑक्सफर्डला शिकले आणि १९२८ च्या ऑलिंपिकला भारताच्या हॉकी टीमचे कॅप्टन होते. के. आर. नारायणन केरळातल्या गरीब दलित घरातले, टाटांच्या स्कॉलरशिपवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, पुढं राष्ट्रपती झाले. ही मोठी माणसं आहेत आणि मी काय आपली तुलना करत नाही, पण आपल्याकडं जो समज आहे ना की परदेश म्हणजे पुण्यामुंबईच्या डॉक्टर-इंजिनिअरच्या पोरांचं काम, तो काढून टाक. पैशाची सोय आहे. पोरं अडकतात ती पैशाच्या आधीच, सेतू केंद्राच्या लाईनीत. त्यावर खाली बरंच लिहिलंय, ते नीट वाच.

स्कॉलरशिप नेमक्या कोणत्या? कोणाला कोणती लागते?

आधी राज्याच्या. एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा, मास्टर्स आणि पीएचडीसाठी, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडं जातो. फी, राहण्याखाण्याचा खर्च, जाण्यायेण्याचं विमानभाडं, इन्शुरन्स असं सगळं त्यात येतं. एसटीवाल्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे, तिची चौकशी आपल्या प्रकल्प कार्यालयात करायची, म्हणजे नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावल, ज्याचं गाव ज्या प्रकल्पात येतं तिथं. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, मराठा-कुणबी पोरांसाठी सारथी या सरकारी संस्थेची, अल्पसंख्याक विभागाची, आणि ओपनमधल्या कमी उत्पन्नवाल्यांसाठीसुद्धा आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येकासाठी काहीतरी आहे, फक्त उत्पन्नाची मर्यादा, मार्कांची अट आणि क्यूएस रँकिंगची (जगातल्या युनिव्हर्सिट्यांची क्रमवार यादी) अट बघावी लागते, आणि या अटी मधेमधे बदलतात, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या पोराच्या सांगण्यावर जाऊ नको, चालू वर्षाचा जीआर डाउनलोड कर आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच. कंटाळवाणा असतो, मान्य.

मग केंद्राच्या. सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, १२५ जागा, त्यातल्या ११५ एससी, ६ विमुक्त-भटक्या आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, आधीच्या डिग्रीला ६० टक्के, आणि युनिव्हर्सिटी क्यूएसच्या पहिल्या ५०० मधली. आता ऐक, भूमिहीन शेतमजूर ही कॅटेगरी आपल्याकडं किती घरांना लागू पडते, पण तिचं नावसुद्धा कोणी ऐकलेलं नसतं. आदिवासी मंत्रालयाची वेगळी आहे, २० जागा, त्यातल्या ३ अतिमागास आदिम जमातींसाठी. दिव्यांगांसाठीही त्यांच्या विभागाची स्वतंत्र ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, हे मी मुद्दाम लिहितोय कारण अजून एकाही पोराने मला त्याबद्दल विचारलेलं नाही.

एक खटकणारी गोष्ट आहे, २०२२ पासून सामाजिक न्याय मंत्रालयाच्या त्या स्कॉलरशिपमधून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज या विषयांवरचे अभ्यासक्रम काढून टाकलेत. म्हणजे जातीवर अभ्यास करायचा असेल तर ही स्कॉलरशिप नाही. मला हे आजही पटत नाही, पण फॉर्म भरताना तुला माहीत असलेलं बरं, विषय ठरवून बसशील आणि मग कळेल.

सरकारी सोडून दुसरं काही?

आहे की. चेव्हनिंग, ब्रिटिश सरकारची, एक वर्षाच्या मास्टर्ससाठी, पूर्ण खर्च. तिला दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, वयाची अट नाही, अर्ज ऑगस्टला उघडतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. इथं आपली पोरं चूक करतात, त्यांना वाटतं अनुभव म्हणजे कंपनीतला जॉब, तर तसं नाही, पार्टटाइम काम, इंटर्नशिप, स्वयंसेवी कामसुद्धा धरतात. धडगावकडं एखाद्या संस्थेबरोबर दोन वर्षं कुपोषणावर काम केलेली पोरगी तिथल्या इंटरव्ह्यूत जे बोलेल ते मुंबईच्या पोराला सुचणार नाही.

इरॅस्मस मुंडस युरोपची, दोन-तीन देशांत फिरून मास्टर्स, फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो. अर्जाला पैसे लागत नाहीत. साधारण ऑक्टोबर ते जानेवारी अर्ज चालतात. फुलब्राइट-नेहरू अमेरिकेसाठी, तिच्या मास्टर्सला तीन वर्षांचा अनुभव लागतो. फेलिक्स स्कॉलरशिप ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंग या तीन ठिकाणी, गरजू भारतीयांसाठीच काढलेली. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे, ती मात्र कर्जस्वरूपात असते, फुकट समजून अर्ज करू नको.

आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट, अमेरिकेत पीएचडीला बहुतेक चांगल्या ठिकाणी फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, त्याबदल्यात शिकवायचं किंवा प्रोफेसरच्या लॅबमध्ये काम करायचं. सायन्सच्या पोरांनी याच्याकडं बघितलंच पाहिजे. अ‍ॅप्लिकेशन फी सुद्धा मेल करून माफ करून घेता येते बऱ्याच ठिकाणी, विचारायला लाजू नको, ते लोक काही वाईट मानत नाहीत.

कागदपत्रांचं काय? किती दिवस लागतात?

खरा प्रश्न हाच आहे.

पहिलं नाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, आणि स्पेलिंग तर विचारूच नको. वळवी कुठं व्ही ने, कुठं डब्ल्यू ने. पावरा कुठं एक ए जास्त, कुठं कमी. आश्रमशाळेत मास्तरांनी जे लिहिलं ते लिहिलं. पासपोर्ट, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), ऑफर लेटर (प्रवेश देतो असं युनिव्हर्सिटीचं पत्र), व्हिसा, स्कॉलरशिपचा आदेश, सगळीकडं एकच नाव अक्षराला अक्षर पाहिजे. फरक असेल तर आधी राजपत्रात नावाची दुरुस्ती छापून घे, मग आधार, मग पासपोर्ट, हा क्रम उलटा करू नको, मी केला होता आणि चार महिने गेले.

दुसरं जन्मतारीख. आपल्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला, हसू नको, तुझाही असेल. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. ती सगळीकडं एकच असेल तर काही अडत नाही, पण ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर वेगळी निघाली तर मात्र अडतं, त्यामुळं दोन्ही कागद शेजारी ठेवून आधीच बघ.

तिसरं जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी. दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, ओबीसींना नॉन-क्रिमिलेअर वेगळं. व्हॅलिडिटीला एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आता आजोबा शाळेतच गेले नाहीत तर शाळेचा उतारा आणणार कुठून? अशा वेळी महसुली नोंदी बघायच्या, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४ ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ते, हक्क नोंदणी, चुलत्याच्या किंवा आत्याच्या शाळेचा दाखला. जुन्या नोंदी मोडीत असतात, मोडी वाचणारा शोधावा लागतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर काम खूप हलकं होतं, म्हणून भाऊबंदकीत भांडण असलं तरी काकांना फोन कर. आणि टोकरे कोळी, ठाकूर अशा जमातींच्या पोरांना इकडं किती फिरवतात हे मी नव्यानं सांगायला नको, दक्षता पथक घरी येतं, रीतीरिवाज विचारतं, वर्ष सहज जातं. व्हॅलिडिटीचं काम एफवाय-एसवायला असतानाच सुरू कर. ऑफर हातात आल्यावर सुरू केलंस तर स्कॉलरशिप गेली म्हणून समज.

पासपोर्टचं त्यामानानं सोपं आहे, साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, अपॉइंटमेंट ऑनलाइन, आता पोस्ट ऑफिसातही केंद्रं झालीत. पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी घरी कोणीतरी पाहिजे. ऊसतोडीला सगळं घर गुजरातला गेलेलं असताना पोलीस येतात आणि शेरा जातो, पत्त्यावर आढळले नाही. हे एका पोराच्या बाबतीत झालंय. दिवाळीच्या आधी करून टाक.

कधीपासून सुरुवात करू?

कोर्स सुरू व्हायच्या दीड वर्ष आधी. सप्टेंबरला जायचं तर आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये कागदपत्रं आणि इंग्रजी, ऑगस्टपासून कोर्स शोधणं, ऑक्टोबर ते जानेवारी अर्ज, वसंतात ऑफर, उन्हाळ्यात सरकारी स्कॉलरशिपच्या जाहिराती. राज्याच्या जाहिराती येतात उशिरा आणि मुदत देतात कमी, त्यामुळं जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्याचं काम होत नाही. फाइल तयार पाहिजे, नुसती तारीख टाकायची बाकी.

अजून एक अडचण, ऑफर दोन प्रकारची असते, अटीवर आणि विनाअट, आणि सरकारला बहुतेक वेळा विनाअट लागते. ती मिळण्यासाठी फायनल मार्कशीट पाठवावी लागते, आणि आपल्याकडं रिझल्ट कधी लागेल हे देवालाच माहीत. मग काय करायचं, परीक्षा विभागात अर्ज देऊन प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा एकत्र कागद) मागायचं, ऑफर लेटर जोडून, लेखी. तोंडी सांगून काही होत नाही, पोचपावती घे.

माझं सगळं मराठी मीडियम. घरी तर अहिराणी. इंग्रजीचं कसं होणार?

होतं. आयईएलटीएसला मास्टर्ससाठी साधारण ६.५ मागतात. त्यात चार भाग, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो, समोर माणूस असतो, आणि तो तुझा अ‍ॅक्सेंट बघत नाही, तू वाक्य पूर्ण करतोस का ते बघतो. आपली पोरं वाचण्यात चांगले मार्क काढतात, पडतात लिहिण्यात, कारण निबंध पाठ करून जातात. रोज एक पान स्वतःच्या मनाचं लिही, केळीच्या भावावर लिही, गावच्या यात्रेवर लिही, चुकलं तरी चालेल, सहा महिन्यांत फरक पडतो. फी सतरा-अठरा हजार आहे, म्हणून तयारी नसताना द्यायची नाही, निकाल दोनच वर्षं चालतो. ड्युओलिंगोची टेस्ट खूप स्वस्त आणि घरून देता येते, पण ती सगळीकडं चालत नाही, त्यातल्या त्यात व्हिसाला तर आधी विचारून घे. काही युनिव्हर्सिट्या कॉलेजकडून 'शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं' असं पत्र चालवून घेतात.

आणि अहिराणी, पावरी, भिली, तावडी, लेवा बोली ही कमीपणाची गोष्ट नाही रे. तिसरी-चौथी भाषा शिकतोयस तू, तिकडं लोकांना एकच येते.

तीन वर्षांची बीए, बीएस्सी चालते का?

ब्रिटनला चालते. अमेरिकेत बऱ्याच युनिव्हर्सिट्या चार वर्षांची मागतात, सगळ्या नाही. जर्मनीत विषयवार क्रेडिट मोजतात. नवीन धोरणात चौथं वर्ष करता येतंय, पण फक्त अमेरिकेसाठी म्हणून करायचं तर आधी त्या युनिव्हर्सिटीची वेबसाइट वाच.

एसओपी म्हणजे काय लिहायचं? आणि रेकमेंडेशन कोण देणार?

एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, मी हे का शिकणार, माझ्याकडं आत्तापर्यंत काय आहे, हीच युनिव्हर्सिटी का, आणि पुढं काय करणार. बस. 'लहानपणापासूनच मला ज्ञानाची ओढ होती' असं लिहिलेले एसओपी मी इतके वाचलेत की आता ती ओळ दिसली की फाइल बंद करतो. एका पोरीनं लिहिलं होतं, तिच्या पाड्यावर हातपंपाचं पाणी मार्चमध्ये आटतं आणि मग बाया झिऱ्यावर जातात, तिनं दोन उन्हाळे कोणत्या घरातून किती हंडे येतात ते वहीत लिहून ठेवलेलं, तिला वॉटर मॅनेजमेंट शिकायचं होतं. बघ, ती वही म्हणजे डेटा आहे, रिसर्च आहे. तिला ते माहीतच नव्हतं. गरिबीचं रडगाणं नको आणि लपवालपवीही नको, काय बघितलं आणि काय केलं ते लिही. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं ओळखू येतं, सगळ्यांचं एकसारखं असतं.

रेकमेंडेशनला सर म्हणतात 'तूच लिहून आण, मी सही करतो'. सरांचा पण दोष नाही, त्यांना कोणी कधी मागितलंच नव्हतं. त्यांना एक पान टिपण दे, तू त्यांच्याकडं कोणता पेपर केलास, कोणता प्रोजेक्ट, आणि त्यांना विनंती कर की लेटर तुम्हीच लिहा, मराठीत सांगितलं तरी चालेल, आपण बसून इंग्रजी करू. कॉलेजचा अधिकृत ईमेल नसेल तर तो आधी काढून घ्यायला सांग, जीमेलवरून आलेलं लेटर काही ठिकाणी धरत नाहीत.

जर्मनी फुकट आहे म्हणतात?

अर्धं खरं. सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक राज्यांत फी नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं पण आता फी लावली. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, ते नंतर महिन्याला थोडे थोडे तुलाच मिळतात पण आधी उभे तर करावे लागतात. भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्याचे १८,००० रुपये. फुकट म्हणून निघालेली पोरं इथंच थांबतात.

एजंट म्हणतो एमबीबीएस परदेशात स्वस्तात करून देतो. जाऊ का?

जळगाव-धुळ्यात ही पोस्टरं प्रत्येक क्लासबाहेर आहेत. 'नीट'ची परीक्षा पास असल्याशिवाय जाऊच नको, परत येऊन डॉक्टर होता येणार नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा पाहिजे, इंग्रजीतून पाहिजे, तिथंच १२ महिन्यांची इंटर्नशिप पाहिजे, आणि मग इथं येऊन परीक्षा आणि परत इंटर्नशिप. एजंटला एकच विचार, 'हे सगळं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या'. चहा पण न पिता उठेल. आणि वरच्या राज्याच्या स्कॉलरशिपचा इथं आधार धरू नको, त्या बहुतेक मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहेत.

(एका वडिलांचा प्रश्न) कर्ज काढावं लागलं तर जमीन गहाण ठेवू का?

नाना, घाई करू नका. बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय देतात, त्याच्या वर तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, घर किंवा बिनशेती प्लॉट मागतात. जमीन आदिवासीची असेल तर महसूल संहितेच्या ३६ आणि ३६ अ कलमांमुळं ती बिगरआदिवासीकडं कलेक्टरच्या परवानगीशिवाय जाऊच शकत नाही, हे चांगलंच आहे, त्यामुळं कोणी 'मी करून देतो व्यवहार' म्हणाला तर त्याला वाटेला लावा. सावकाराकडून तर नकोच. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्जावरचं व्याज परत देणारी योजना आहे, तिची जिल्ह्याच्या ऑफिसात चौकशी करा. अल्पसंख्याकांसाठीची 'पढो परदेस' बंद झालीय, तिच्या नावानं कोणी फॉर्मचे पैसे घेत असेल तर ती फसवणूक आहे. माझं स्वतःचं मत, पूर्ण स्कॉलरशिप मिळत नसेल तर एक वर्ष थांबा, चाळीस लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन साध्या युनिव्हर्सिटीत पाठवू नका.

पोरीला एकटीला पाठवायला घरचे तयार नाहीत

याचं रेडीमेड उत्तर माझ्याकडं नाही. एका घरी मी तीनदा गेलो, आजी म्हणाली, 'इतलं दूर जाईसन काय करशी? तठे भाकर भेटस का?' भाकरीवरून सुरुवात झाली म्हणजे अर्धं काम झालं समज. दुसऱ्या पोरीच्या आईशी फोन जोडून दिला, जी आधी गेलेली होती तिच्या आईशी. आया आयांशी बोलल्या, अहिराणीत, पाऊण तास. मग हॉस्टेलचे फोटो, रूमचा पत्ता, रोज किती वाजता फोन येणार ते ठरलं. ती गेली. ज्या घरात लग्नाचीच बोलणी सुरू होती तिथं मात्र मी हरलो, तेही सांगतो. एक लक्षात ठेव, बऱ्याच योजनांत ३० टक्के जागा मुलींसाठी असतात, आणि कधीकधी त्या भरत नाहीत.

व्हिसाचं अवघड असतं का?

सरकारी स्कॉलरशिप असली तर उलट सोपं. ब्रिटनला पूर्ण खर्चाचं सरकारी पत्र असलं की बँकेत पैसे दाखवावे लागत नाहीत. टीबीची टेस्ट लागते, ठरवून दिलेल्या सेंटरलाच, त्यासाठी मुंबई-पुण्याला जावं लागतं. हेल्थ सरचार्ज (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे) वर्षाला ७७६ पौंड आहे, तो व्हिसाच्या वेळीच भरायचा. हा पैसा योजनेतून मिळत असेल तरी आधी स्वतः भरून मग मागावा लागतो, म्हणून हातात दीड-दोन लाख फिरते पाहिजेत. इथं गाव कामाला येतं. माझ्या वेळी भिशीतून, मामाकडून आणि शाळेतल्या एका सरांकडून जमवले होते.

स्कॉलरशिपचा हप्ता उशिरा येतो, खरं का?

खरं. माझा दुसरा हप्ता साडेतीन महिने उशिरा आला. युनिव्हर्सिटीकडून फी थकल्याची मेल, घरमालकिणीचा मेसेज, आणि डिसेंबरमध्ये तिकडं दुपारी चारला अंधार. मी घरी काही सांगितलं नाही. बाबासाहेबांना १९१७ मध्ये स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं होतं, ते त्या दिवसांत फार आठवायचं. काय करायचं ते सांगतो. पोचल्या आठवड्यातच युनिव्हर्सिटीच्या फायनान्स ऑफिसला आणि स्टुडंट सपोर्टला स्कॉलरशिपचा आदेश पाठवून ठेव, उशीर होऊ शकतो असं आधीच लिही, ते मुदत वाढवून देतात. बऱ्याच ठिकाणी अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी हार्डशिप फंड असतो, तो माग. आणि इकडं ऑफिसात पाठपुरावा करायला एक माणूस ठेव, भाऊ, मित्र, कोणी पण, ज्याला स्टेशनवरून ऑफिसपर्यंत जायचा कंटाळा नाही. यूटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले त्याचा कागद), प्रगती अहवाल, हे वेळेवर गेले तर त्यांना कारण सापडत नाही.

तिकडं पार्टटाइम काम करून भागतं का?

हातखर्च भागतो, फी नाही. ब्रिटनला आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, कॅनडात आठवड्याला २४. स्कॉलरशिपचा नियम कामाला परवानगी देतो का ते आधी बघ.

तिकडं पण जात विचारतात का?

आपलेच लोक विचारतात. आडनाव विचारतात, मग गाव, मग 'कोणत्या कोट्यातून आलास'. म्हणूनच अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरानं २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घालणारा नियम केला. कॅलिफोर्नियात तसं बिल पास झालं होतं पण गव्हर्नरनी सही केली नाही. आंबेडकरी विद्यार्थ्यांचे गट बऱ्याच शहरांत असतात, १४ एप्रिलला जमतात, तिथं जा, आणि सोबत कळण्याचं पीठ घेऊन जा, पहिल्या महिन्यात मित्र होतील.

पाड्यावर नेटवर्क नाही, फॉर्म कसा भरू?

मोलगी-तोरणमाळकडची पोरं टेकडीवर चढून ओटीपी घेतात, मी बघितलंय. शेवटच्या दिवसावर ठेवू नको, तालुक्याला किंवा जिल्ह्याला मित्राच्या रूमवर दोन दिवस मुक्काम कर. सगळे कागद स्कॅन करून ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेव. सायबरवाल्याचा ईमेल आयडी आणि मोबाइल नंबर टाकू देऊ नको, कितीतरी पोरांची ऑफर सायबरवाल्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलीय.

परत यावंच लागतं का?

चेव्हनिंगला दोन वर्षं परत यावं लागतं, सरकारी योजनांत बाँड असतो, काहींत जामीनदार लागतात. जामीनदार शोधायला वेळ लागतो, नोकरीवाला माणूस सही करायला घाबरतो, म्हणून हेही आधीच बोलून ठेव.

यादीत नाव नाही आलं तर?

वेटिंग लिस्ट बघ, यादीत वर असलेले काही जण जागा सोडतात. युनिव्हर्सिटीला मेल कर, ऑफर पुढच्या वर्षी ढकलून देतात बरेचदा. मला दुसऱ्या वेळी मिळाली. पहिल्या वेळी उत्पन्नाचा दाखला एक वर्ष जुना जोडला गेला होता, एवढ्यावरून बाहेर.

आज नेमकं काय करू?

दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि जातीचा दाखला काढ, खाटेवर शेजारी शेजारी ठेव आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर जुळव. फरक सापडला तर फोटो काढून मला पाठव, रात्री साडेदहाला पाठवला तरी चालेल.